माटोळीची २४० छायाचित्रे: आमच्या महाविद्यालयाच्या शैक्षणिक मंडळास खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या परिपत्रकाने आपण असे ठरवले आहे की येत्या सत्रापासून प्रकल्पाच्या ५० गुणांपैकी २० गुण ऑनलाइन सहाध्यायी मूल्यमापनातून, म्हणजे विद्यार्थ्यांनी एकमेकांचे काम तपासून, दिले जातील. प्रत्येक काम तिघांकडे जाईल, तिघांच्या गुणांची सरासरी अंतिम राहील आणि तिच्यावर फेरतपासणी मागता येणार नाही. विद्यार्थ्यांनी चढवलेली छायाचित्रे, आकृत्या आणि रेखाटने तपासणाऱ्यांना मूळ स्वरूपात उतरवून घेता येतील, असेही त्याच परिपत्रकाच्या शेवटच्या परिच्छेदात म्हटले आहे. या दोन्ही गोष्टींना माझा विरोध मी विभागाच्या बैठकीत नोंदवला आणि नंतर दोनदा लेखी कळवला. उत्तर आले नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवते आहे. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दामच लिहिलेले नाही. उद्या अशीच प्रणाली घेऊ पाहणाऱ्या गोव्यातल्या कोणत्याही संस्थेने हे पत्र आपल्यासाठी आहे असे समजून वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

मी या पद्धतीची विरोधक नाही. आपल्या महाविद्यालयात ती मीच आणली. आठ वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकावर मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची मुक्त प्रणाली बसवून, त्यातल्या ‘वर्कशॉप’ या सोयीच्या आधारे, ३२ विद्यार्थ्यांच्या वर्गात मी एकमेकांचे काम तपासायला लावले. दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचून त्यातली चूक शब्दांत मांडायची वेळ आली की स्वतःच्या प्रोग्रॅममधली चूक दिसू लागते, हे मी त्या वर्गात वर्षानुवर्षे पाहिले. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुले सर्वांत नेमके अभिप्राय लिहितात, हेही पाहिले. पुढे माझे संशोधन याच विषयाकडे वळले, आणि विद्यार्थी प्रोग्रॅमबरोबर चित्रेही चढवू लागल्यावर त्या चित्रांच्या संरक्षणाकडे. त्यामुळे ‘तुमच्याच कामाला मंडळाने मान्यता दिली’ असे सहकारी म्हणतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. पद्धतीचे नाव तेवढे राहिले आहे. जिच्यामुळे ती न्याय्य ठरते ती काळजी मात्र वगळली गेली आहे.

गेल्या वर्षी ही प्रणाली प्रायोगिक म्हणून चालवली गेली, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीच्या वाट्याला काय आले ते तिच्या संमतीने, पण तिचे नाव आणि गाव न सांगता लिहिते. ती सत्तरी तालुक्यातली. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या मूर्तीवर छताला टांगलेल्या लाकडी चौकटीला आपण जी माटोळी बांधतो, तिच्यातली फळे, फुले आणि वेली छायाचित्रावरून ओळखणारा प्रोग्रॅम करायचा, असा तिचा प्रकल्प होता. नारळ, सुपारीचे शिपटे, चिबूड आणि तोरिंग यांची छायाचित्रे कुठेही मिळतील. पण कवंडळ, घागऱ्या, कांगणे या रानातल्या वस्तूंची नीट टिपलेली, योग्य नावे लावलेली छायाचित्रे तिला हवी तशी सापडेनात. म्हणून ती आजीबरोबर आणि वाड्यावरच्या जाणत्या माणसांबरोबर पावसात रानात फिरली. फळ वेलीवर असताना, तोडल्यावर, माटोळीला बांधल्यावर आणि चार दिवसांनी सुकू लागल्यावर, अशा चारही अवस्थांत तिने प्रत्येक वस्तू टिपली. एकूण २४० छायाचित्रे झाली. संगणकाला ओळखायला शिकवण्यासाठी असा साठा किती मोलाचा असतो, हे या क्षेत्रातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

तिचे काम तिघांकडे तपासायला गेले. एकाने २० पैकी १८ दिले, दुसऱ्याने १७, तिसऱ्याने ६. सहा गुण देणाऱ्याने अभिप्रायाच्या चौकटीत एकच इंग्रजी वाक्य लिहिले होते, आणि शब्दांची किमान संख्या भरावी म्हणून तेच वाक्य पुन्हा पुन्हा चिकटवले होते. सरासरी १३.६७ निघाली आणि तीच गुणपत्रिकेवर चढली. दोन महिन्यांनी तिची छायाचित्रे एका दुसऱ्याच प्रकल्पात दिसली, त्यानंतर त्यांतली चार पर्यटनाच्या एका जाहिरातीत आली. तिने तक्रार केली तेव्हा छायाचित्रे तुझीच कशावरून, असे तिला विचारण्यात आले. तिने फोनमधल्या मूळ फाइली दाखवल्या; फोनमधली तारीख कोणालाही बदलता येते, असे उत्तर मिळाले. ते उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, म्हणूनच ते मला अधिक लागले. कारण तिने ती छायाचित्रे कोणत्या दिवशी आपल्या हवाली केली याचा खात्रीचा पुरावा फक्त आपल्या प्रणालीत असू शकत होता, आणि सत्र संपताच जागा मोकळी करण्यासाठी प्रणालीने सगळ्या फाइली पुसून टाकल्या होत्या. मागे उरले ते गुण.

यावर माझे आक्षेप असे आहेत.

पहिला आक्षेप सरासरीवर आहे. तिघांपैकी एकाने कामच वाचले नाही, तर सरासरी त्या एकाच्या मागे ओढली जाते. मध्यक घेतला असता, म्हणजे तिन्ही आकडे क्रमाने लावून मधला उचलला असता, तर तिला १७ गुण मिळाले असते. ही काही माझी नवी कल्पना नाही. तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात असलेले स्कॉट क्लेमर यांचा मानव-संगणक संवादाचा अभ्यासक्रम कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर चालला, तेव्हा सहाध्यायांनी दिलेल्या गुणांचा मध्यकच घेतला जात होता, आणि दुसऱ्याचे काम हाती येण्याआधी प्रत्येकाला शिक्षकांनी आधीच गुण दिलेला एक नमुना तपासून आपली मोजपट्टी जुळवून घ्यावी लागत होती. त्याच अभ्यासक्रमातल्या ६३,००० हून अधिक गुणनोंदींवर ख्रिस पीच आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये काम केले. कोणता तपासनीस सतत हात आखडून गुण देतो, कोणाचा हात सैल आहे आणि कोणाच्या गुणांत मुळीच मेळ नाही, याचा अंदाज बांधून गुण दुरुस्त केले तर चूक कमी होते, असे त्यांनी दाखवले. आपल्या प्रणालीत नमुना-तपासणी नाही, मध्यक नाही आणि तपासनीसाच्या विश्वासार्हतेचा विचारही नाही.

सहाध्यायांवर विश्वास ठेवताच येत नाही, असे मात्र कोणी यातून समजू नये. नॅन्सी फॅल्चिकोव्ह आणि ज्युडी गोल्डफिंच यांनी २००० साली ४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा विद्यार्थ्यांचे गुण आणि शिक्षकांचे गुण यांच्यातला सहसंबंध (पूर्ण जुळणी म्हणजे १) सरासरी ०.६९ इतका चांगला निघाला. पण निकष विद्यार्थ्यांना नीट समजलेले असतील तेव्हा ही जुळणी अधिक चांगली होते, हेही त्यांनीच नोंदवले आहे. आपल्या परिपत्रकात निकष म्हणून ‘गुणवत्ता’, ‘नावीन्य’ आणि ‘सादरीकरण’ असे तीन शब्द आहेत. वीस वर्षांच्या मुलाने त्यांवरून काय मोजावे?

मूडलच्या ‘वर्कशॉप’मध्ये विद्यार्थ्याला दोन गुण मिळतात, एक त्याच्या कामाचा आणि दुसरा त्याने इतरांचे काम किती नीट तपासले त्याचा. मूळ मांडणीत ही विभागणी ८० आणि २० अशी असते. नीट तपासणे हेही शिकण्याचे काम आहे आणि त्याची जबाबदारी असते, हे त्या दुसऱ्या गुणामुळे विद्यार्थ्याला कळते. नव्या प्रणालीत तो दुसरा गुणच नाही, आणि न वाचता सहा गुण टाकणाऱ्याला त्याची काहीच झळ बसत नाही.

दुसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो समजण्यासाठी मूल्यमापन आणि चित्रांचे संरक्षण या दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. आपण त्या दोन वेगळ्या समित्यांकडे दिल्या आहेत. परिपत्रक सांगते की तपासणी निनावी असेल. पण फोनने काढलेल्या प्रत्येक छायाचित्राच्या फाइलीत एक्सिफ नावाची माहिती दडलेली असते: फोन कोणत्या कंपनीचा व कोणत्या प्रकारचा, चित्र कोणत्या तारखेला किती वाजता टिपले, आणि स्थान नोंदवण्याची सोय चालू असेल तर त्या जागेचे अक्षांश-रेखांश. मोकळ्या जागेत ही नोंद काही मीटरांपर्यंत अचूक असू शकते. मूळ फाइल उतरवून घेऊ दिली की हे सगळे तपासणाऱ्याच्या हाती जाते. आपल्या वर्गांत ४० मुले असतात. कोण वाळपईहून येते, कोण पेडण्याहून, हे सर्वांना ठाऊक असते. नकाशावर एक ठिपका पाहिला की काम कोणाचे ते कळते. ज्याने सहा गुण दिले त्याने तसे पाहिले असे मी म्हणत नाही. पण त्याला पाहता येत होते, आणि ती वाट आपण उघडी ठेवली होती.

त्या विद्यार्थिनीच्या बाबतीत यातून आणखी एक गोष्ट घडली. रानातल्या कोणत्या ओहोळाकाठी कवंडळ होते, कोणत्या उतारावर घागऱ्या मिळतात, ही माहिती वाड्यावरच्या माणसांनी तिला विश्वासाने दाखवली होती. चवथीच्या बाजारात या वस्तूंना चांगला भाव येतो आणि विक्रीसाठी अख्खा वेल उपटला जातो, हे तिच्या आजीला माहीत होते. म्हणून जागा कोणाला सांगू नकोस, असे तिने नातीला बजावले होते. नातीने तोंडाने कोणाला सांगितले नाही. फाइलींनी सांगितले. ती माहिती काढून टाकणे प्रणालीला काही ओळींच्या प्रोग्रॅमचे काम होते. या एका गोष्टीबद्दल मला स्वतःलाही दोष द्यावा लागतो. प्रायोगिक सत्रात मी वर्गशिक्षिका होते आणि ही सेटिंग मी तपासायला हवी होती.

तिसरा आक्षेप मालकीच्या पुराव्याबद्दल आहे. माझी तक्रार ऐकून मंडळाच्या एका सदस्यांनी सुचवले की विद्यार्थ्यांनी चित्रावर कोपऱ्यात आपले नाव टाकावे. सूचना सद्भावनेची होती, पण ती इथे चालणार नाही. दिसणारे नाव टाकले की निनावीपणा संपतो, आणि कोपरा कापला की नाव संपते. आपल्याला अशी खूण हवी जी तपासणाऱ्याला दिसणार नाही, पण वाद उभा राहिला तर संस्थेला वाचता येईल. अशा अदृश्य जलचिन्हांवर संगणकशास्त्रात तीस वर्षे काम झाले आहे. पिक्सेलच्या, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याच्या, आकड्यातल्या शेवटच्या बिटमध्ये खूण लपवण्याची जुनी रीत सोपी, पण कच्ची; चित्र जेपेग या नेहमीच्या फाइल-प्रकारात पुन्हा दाबून लहान केले की ती पुसली जाते. इंगेमार कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वेगळा मार्ग मांडला. त्यांनी खूण चित्राच्या बिनमहत्त्वाच्या भागात न लपवता, डोळ्याला ज्या भागामुळे चित्र चित्र वाटते त्याच वारंवारतांमध्ये, म्हणजे उजळ-गडद छटांच्या चढउतारांमध्ये, अगदी हलक्या हाताने पसरवली. ती काढायला गेले तर चित्रच बिघडते. मूळ प्रत हाताशी असेल, तर दाबलेल्या, लहान केलेल्या, काही प्रमाणात कापलेल्या चित्रातूनही ती खूण शोधता येते.

‘मूळ प्रत हाताशी असेल तर’ ही अट मंडळाने नीट वाचावी, अशी विनंती आहे. मूळ प्रत सांभाळणे संस्थेचे काम आहे, आणि सत्र संपताच आपण तीच पुसतो.

शिवाय तिन्ही तपासनीसांच्या प्रतींत वेगवेगळी खूण ठेवता येते, म्हणजे चित्र बाहेर गेलेच तर कोणत्या प्रतीतून गेले ते समजते. अनेकांनी आपापल्या प्रती एकत्र करून खूण बुजवण्याचा प्रयत्न केला तर काय करावे, यावर डॅन बोने आणि जेम्स शॉ यांनी १९९५ मध्येच उपाय मांडला होता. कोणतेही जलचिन्ह अभेद्य नसते आणि पडद्याचा फोटो काढणाऱ्याला कोणी थांबवू शकत नाही, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते. पण काहीच न करण्याला तो आधार होऊ शकत नाही.

पुराव्यासाठी तर जलचिन्हाचीही गरज नव्हती. फाइल चढताच तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलीवरून गणिताने काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, तारखेसह नोंदवला असता तरी पुरे होते. फाइलीत एक बिट जरी बदलला तरी हा हॅश पूर्ण बदलतो, त्यामुळे तोच हॅश देणारी फाइल विद्यार्थिनीच्या फोनमध्ये आहे, एवढे दाखवले की ती त्या तारखेला तिच्याकडे होती हे सिद्ध झाले असते. एका हॅशला ३२ बाइट लागतात. तिच्या २४० छायाचित्रांना मिळून ७,६८० बाइट, म्हणजे या पत्राच्या फाइलीहूनही कमी जागा. जागेच्या अडचणीचे कारण मला म्हणूनच मान्य करता येत नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. अभिप्राय इंग्रजीतच आणि किमान ५० शब्दांचा हवा, ही अट कशासाठी? आपल्याकडची कितीतरी मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकून आलेली असतात. संगणकाचे शब्द ती इंग्रजीत वापरतात, पण दुसऱ्याच्या कामातली उणीव त्याला न दुखावता सांगायची, तर त्यांना मराठी किंवा कोकणी हवी. आणि तपासणीसाठी दिलेले ४८ तास पावसाळ्यात पुरत नाहीत. आमच्या डिचोलीतच वीज गेली की नेटवर्क जाते, मग सत्तरीच्या आतल्या वाड्यांचे काय सांगावे.

परिपत्रकात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चा हवाला आहे. त्या धोरणात सहाध्यायी मूल्यमापनाचा उल्लेख शालेय प्रगतिपत्रकाच्या संदर्भात येतो, आणि तिथे ते स्वमूल्यमापनासह, शिक्षकाच्या मूल्यमापनाच्या जोडीने सांगितले आहे. शिक्षकाला फेरतपासणीचाही अधिकार नसावा, असे त्यातून निघत नाही. कायद्याचे म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार विद्यार्थ्याने स्वतः काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक तो विद्यार्थीच असतो. गुण मिळवण्यासाठी चढवले म्हणून ते संस्थेचे किंवा वर्गाचे होत नाही. चित्रातली हक्कविषयक माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकणे २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षेस पात्र ठरवले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त आणि विनाअट असावी, असे म्हटले आहे. ‘मान्य आहे’ या चौकटीवर खूण केल्याशिवाय प्रकल्प जमाच होत नसेल आणि गुणच मिळत नसतील, तर त्या खुणेला मुक्त संमती म्हणता येईल असे मला वाटत नाही.

माझ्या मागण्या आता स्पष्टपणे मांडते. येत्या सत्रात सहाध्यायी मूल्यमापनाचा भार २० वरून ५ गुणांवर आणावा, आणि पुढची वाढ पुरेसा अनुभव घेऊनच करावी. सरासरीऐवजी मध्यक वापरावा; तीन गुणांत ५ हून अधिक अंतर पडले तर ते काम आपोआप शिक्षकाकडे यावे; फेरतपासणीचा अधिकार प्रत्येक विद्यार्थ्याला असावा. तपासणी सुरू होण्याआधी निदान दोन नमुने सर्वांनी तपासावेत आणि नीट तपासणाऱ्याला त्याचे गुण मिळावेत. अभिप्राय मराठीत, कोकणीत किंवा इंग्रजीत लिहिण्याची मुभा असावी आणि मुदत सात दिवसांची करावी.

चित्रांबाबत माझी मागणी अशी: चढवताना प्रत्येक फाइलीचा हॅश आणि वेळ नोंदवून त्याची पोच विद्यार्थ्याला द्यावी; तपासणाऱ्याकडे जाणाऱ्या प्रतीतून एक्सिफ माहिती काढावी, प्रतीत अदृश्य खूण ठेवावी आणि ४००० गुणिले ३००० पिक्सेलचे मूळ चित्र देण्याऐवजी १२८० गुणिले ९६० ची प्रत द्यावी, जी पडद्यावर तपासायला पुरते आणि मूळ चित्राच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी असते. मूळ फाइली विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम संपेपर्यंत बंदिस्त ठेवाव्यात आणि नंतर त्याला विचारूनच पुसाव्यात. यासाठी नवीन खरेदी करावी लागणार नाही. हॅश नोंदवण्याचा आणि एक्सिफ काढण्याचा प्रोग्रॅम माझ्या पदव्युत्तर वर्गाने लिहून, चाचणी करून ठेवला आहे. जलचिन्हाचा भाग पूर्ण व्हायला आणखी एक सत्र लागेल. मंडळाने वेळ द्यावा, मी तो समोर बसून चालवून दाखवीन.

शेवटची मागणी एका व्यक्तीपुरती आहे, पण ती मी गौण मानत नाही. त्या विद्यार्थिनीचे काम दोन शिक्षकांकडून पुन्हा तपासून घ्यावे, तिची छायाचित्रे आपल्याच प्रणालीतून बाहेर गेली हे तिला लेखी कळवावे आणि ती वापरणाऱ्यांना संस्थेच्या नावाने पत्र पाठवावे.

यंदाच्या चवथीत तिने आणखी ६० छायाचित्रे काढली. ती अजून तिच्या फोनमध्येच आहेत. प्रकल्पाचा दुसरा भाग जमा करण्याची मुदत सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात संपते, आणि ती चढवू का, असे तिने मला दोनदा विचारले आहे. मंडळाची बैठक त्याआधी व्हावी, अशी माझी विनंती आहे.

आपली नम्र,
संगणकशास्त्र विभागातील एक शिक्षिका
डिचोली, गोवा